राज्यपाल विधेयक का अडवतात?

टीव्हीवर ‘विधेयक मंजूर’ अशी पट्टी आली की राधानगरीत आम्हाला हमखास विचारलं जातं, “सर, कायदा झाला का?” नाही. संविधानाच्या कलम 200 नुसार राज्यपाल सही करतात, फेरविचारासाठी परत पाठवतात (धनविधेयक सोडून), नाहीतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेलं विधेयक सभागृहाने पुन्हा पास केलं, तर मात्र संमती रोखता येत नाही.

नेहमीचं कारण म्हणजे केंद्राच्या कायद्याशी टक्कर. डिसेंबर 2021 चं शक्ती विधेयक दंड संहिता आणि पॉक्सोत बदल करणारं होतं, म्हणून राष्ट्रपतींकडे गेलं. संमती मिळालीच नाही. हायकोर्टाचे अधिकार धोक्यात येत असतील तर राष्ट्रपतींकडे पाठवणं सक्तीचंच.

आपल्या घराघरात बोललं गेलेलं उदाहरण गोवंश हत्याबंदीचं. 1976 च्या कायद्यात गाईला बंदी होती, बैल-वळू दाखला घेऊन कापता येत. 1995 च्या दुरुस्ती विधेयकाने तेही बंद करायचं ठरवलं. ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि संमती आली 2015 मध्ये! वीस वर्षांत कितीतरी सरकारं बदलली, पण नव्या विधानसभेला कुणी पुन्हा विचारलं नाही. हे आम्हाला खटकतं. (म्हशीचं मांस या बंदीत नाही, हे आजही सांगावं लागतं.)

नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने मत दिलं, राज्यपालांना ठरावीक मुदत घालता येणार नाही. मात्र कारण न देता विधेयक लांबवत ठेवलं, तर ‘निर्णय घ्या’ एवढं कोर्ट सांगू शकतं.