घरांतील ध्वनिमुद्रण : एका निवडीचा इतिहास

आमच्या महाविद्यालयांतून नुकताच पदवीधर झालेला एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे आला. तो रेल्वेमार्गालगतच्या एका चाळींत राहतो व हिपहॉप पद्धतीचीं रॅप-गीतें मराठींत रचतो. वर्षभर शिकवण्या करून सांठविलेले पैसे त्याच्यापाशीं होते, आणि एका दुकानदारानें एक महागडा कंडेन्सर मायक्रोफोन त्याच्या गळ्यांत मारण्याचा चंग बांधला होता. "सर, घरींच ध्वनिमुद्रण करायचें, तर मायक्रोफोन कोणता घेऊं आणि सॉफ्टवेअर कोणतें?" असा त्याचा प्रश्न होता. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास हें विचारणें म्हणजे वैद्याच्या घरीं पंचांग मागण्यासारखेंच होय! तथापि त्या प्रश्नाचा इतिहास धुंडाळूं लागलों, तेव्हां हा केवळ बाजारहाटाचा प्रश्न नव्हे, अशी आमची खात्री झाली. आपला शब्द टिकवून ठेवण्यासाठीं माणसास कोणाच्या दारीं उभें राहावें लागतें, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ या दिवशीं झाला असें सामान्यतः मानितात. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या जमैकांत जन्मलेल्या तरुणानें बहिणीनें योजिलेल्या मेळाव्यांत तबकड्या वाजविल्या. गीतांत ज्या ठिकाणीं गायन थांबून केवळ तालवाद्यें उरतात, तो तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्यानें हवा तितका लांबविण्याची त्याची युक्ति पुढें या कलेचा पायाच ठरली. परंतु ही कला प्रथम मेळाव्याची होती. तिचें जें मुद्रण होई तें बहुधा कोणी कॅसेटवर उतरून घेतलेलें. १९७९ मध्यें 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी गाजली, तेव्हां तींतील ताल जुन्या तबकडीवरून न घेतां, शीक या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' गीताची चाल वादकांकडून स्टुडिओंत पुन्हा वाजवून घेतली होती. सारांश, रस्त्यावरील कलेस तबकडीवर चढावयाचें तर स्टुडिओ, वादक व भांडवल हे तीन द्वारपाल ओलांडणें भाग होतें.

त्याच १९७९ सालीं टीअॅक या जपानी कंपनीनें टॅस्कॅम या नांवानें 'पोर्टास्टुडिओ' नांवाचें यंत्र काढिलें. साध्या कॅसेटवर चार निरनिराळे ध्वनि वेगवेगळे मुद्रित करून मागाहून त्यांचें मिश्रण करण्याची सोय त्यांत होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन या प्रख्यात गायकानें १९८२ मधील आपला 'नेब्रास्का' हा गीतसंग्रह घरीं अशाच यंत्रावर, शुअर कंपनीच्या साध्या एस्एम ५७ मायक्रोफोनांनीं मुद्रित केला. हिपहॉपमध्येंही १९८४ सालीं रॉक्सान शांटे या चौदा वर्षांच्या मुलीनें क्वीन्सब्रिज वसाहतींत मार्ली मार्ल याच्या घरीं 'रॉक्सान्स रिव्हेंज' हें गीत मुद्रित केलें, व तें न्यूयॉर्कभर दुमदुमलें. घराचा उंबरठा न ओलांडतां कीर्ति मिळविणें शक्य आहे, हें यावरून सिद्ध झालें.

यानंतर सॅम्पलरचें युग आलें. १९८७ मधील ई-म्यू एस्पी-१२०० या यंत्रांत सारे मिळून सुमारें दहाच सेकंदांचा ध्वनि मावत असे. या टंचाईवर उपाय म्हणून कलावंत तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानें वाजवून ती आंत घेत व मग यंत्रांत तिचा स्वर खालीं उतरवीत. त्यामुळें ध्वनीस जो खरखरीतपणा आला, तोच पुढें त्या काळाचा अलंकार समजला गेला! दारिद्र्यांतून शैली कशी जन्मते याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. १९९१ सालीं मात्र बिझ मार्की याच्या खटल्यांत न्यूयॉर्कच्या न्यायालयानें विनापरवाना सॅम्पल वापरण्याविरुद्ध निर्णय दिला. तेव्हांपासून परक्या तबकडीचा तुकडा घेणें हें खर्चाचें व धोक्याचें काम होऊन बसलें.

सॉफ्टवेअरचा इतिहासही याच दिशेनें वाहतो. १९९१ मधील पहिलें प्रो टूल्स केवळ चार ध्वनिमार्गांचें, व त्याची किंमत सुमारें सहा हजार डॉलर. बेल्जममधील इमेज-लाइन या कंपनीचें 'फ्रूटीलूप्स' (२००३ पासून 'एफ्एल स्टुडिओ') शतकाच्या अखेरीस आलें. प्रथम पुष्कळांनीं त्यास खेळणें म्हणून हिणविलें. परंतु २००७ सालीं सोल्जा बॉय या सतरा वर्षांच्या मुलानें त्यावर रचलेलें 'क्रँक दॅट' अमेरिकेंतील बिलबोर्ड यादीच्या शिखरावर जाऊन बसलें. २००० सालीं विनामूल्य 'ऑडॅसिटी' व २००४ सालीं अॅपलचें 'गराजबँड' आलें. आणि २०१४ मध्यें आमच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या नेझी या तरुणानें आयपॅडवर 'आफत' हें गीत मुद्रित करून या इतिहासांत आपल्या शहराचें पान जोडलें.

मग विद्यार्थ्यास उत्तर काय द्यावें? सॉफ्टवेअरविषयीं आमचें मत असें कीं, त्याच्या संगणकावर जें सुखानें चालेल व ज्यांत त्याचा हात लवकर बसेल तें घ्यावें. आवाजाचें अंकांत रूपांतर मायक्रोफोनला जोडलेल्या यंत्रांत होतें, सॉफ्टवेअरमध्यें नव्हे. प्रत्येक सॉफ्टवेअर तेच अंक लिहून ठेवतें. महागड्या सॉफ्टवेअरनें शब्दास धार येत नाहीं.

मायक्रोफोनची गोष्ट निराळी. कंडेन्सर मायक्रोफोन ई. सी. वेंट यानें १९१६ सालीं सिद्ध केला. त्यांतील अतिशय हलका पडदा एका पट्टीसमोर थरथरतो, व बहुधा ४८ व्होल्टांच्या विद्युद्दाबावर त्याचें काम चालतें. तो सूक्ष्म ध्वनिही टिपतो, म्हणून शांत व नीट बांधलेल्या खोलींत त्यास तोड नाहीं. परंतु चाळीच्या खोलींत तो भिंतींचा प्रतिध्वनि, शेजारच्या कुकरची शिटी व आगगाडीचा खडखडाटही तितक्याच निष्ठेनें टिपील! डायनॅमिक मायक्रोफोनांत चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हलतें. तो कमी संवेदनशील असल्यानें तोंडाजवळ धरून वापरितात. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केलें कीं थेट आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं वाढतो. खोलीचा प्रतिध्वनि मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. हें साधें गणित दुकानदार सांगत नाहीं. १९७३ मध्येंच, म्हणजे हिपहॉपच्या जन्मवर्षीं, निघालेला शुअर एस्एम ७ हा डायनॅमिकच, व मायकेल जॅक्सनच्या १९८२ मधील 'थ्रिलर'च्या गायनासाठीं तो वापरला गेला. डायनॅमिक म्हणजे हलक्या दर्जाचा, ही समजूत निराधार होय.

'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण आपण आळशांस लावतों; परंतु ध्वनिमुद्रणांत अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि प्रथम तेंच सरळ करावें लागतें. म्हणून आम्हीं त्यास सांगितलें कीं, साधा डायनॅमिक घे, उरलेल्या पैशांतून मायक्रोफोन संगणकास जोडणारें एक बरें यंत्र घे, आणि पाठीमागच्या भिंतीवर घरांतील जाड गोधड्या टांग. कोणी म्हणेल, आज आवाज नोंदविणें सुलभ झालें, पण तो ऐकविणें कठीण झालें. द्वारपाल गेले नाहींत, केवळ दुसऱ्या दारावर जाऊन उभे राहिले. हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाहीं. तथापि जें मुद्रित झालें नाहीं त्यास दुसऱ्या दाराशीं जाण्याचीही सोय नसते. आपल्या कित्येक शाहिरांचे शब्द मागें राहिले, पण त्यांचा आवाज कसा होता हें आज कोणास सांगतां येणार नाहीं.

असो. दिवाळीच्या आधीं त्या विद्यार्थ्यानें आपलें पहिलें गीत आम्हांस ऐकविलें. शेवटची लोकल गेल्यावर, मध्यरात्रीं, आजीच्या दोन गोधड्यांच्या आडोशानें त्यानें तें मुद्रित केलें होतें. त्यांतील कांहीं शब्द आमच्या पिढीच्या कानास खटकले, हें आम्हीं त्यास मोकळेपणानें सांगितलें. पण एकूण एक शब्द स्पष्ट ऐकूं आला, हेंही सांगितलें.