बायकांचा डबा कधीपासून?



प्रदर्शनाला माल घेऊन आपण मुंबईला जातो. हातात पापड-मसाल्यांच्या पिशव्या, कडेवर लेकरू, आणि लोकल थांबते काही सेकंद. अशा वेळी आपण बायकांचा डबा शोधतो. तो कुणाची मेहेरबानी नाही, त्यामागं जुना कायदा आहे.

आपल्याकडं पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढं १८९०मध्ये रेल्वेचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं, की १ जानेवारी १८९१पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा. म्हणजे कमी भाड्यात जाणाऱ्या बाईचाही विचार झाला होता. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल, तर त्या कप्प्याला संडासही हवा, असं बंधन होतं.

शहर वाढलं, नोकरी-धंद्याला जाणाऱ्या बायका वाढल्या, आणि राखीव जागा पुरेना. मग ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली अख्खी गाडीच बायकांसाठी धावली. एका कप्प्यापासून एका गाडीपर्यंत यायला १०१ वर्षं लागली.

आज १९८९चा कायदा चालतो. राखीव डब्यात पुरुष शिरला, तर कलम १६२नुसार त्याला दंड होतो. कलम १३९ तर प्रत्येकीला ठाऊक हवं. बाई किंवा मूल एकटं असेल, सोबत पुरुष नसेल, तर तिकिटाच्या कारणावरून त्यांना रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचं तर दिवसाच, आणि तेही जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथंच. दंड मात्र चुकत नाही, म्हणून तिकीट काढायचंच. रेल्वेचा मदतीचा फोनही १३९च आहे, त्यामुळं आकडा एकच पाठ करा.

कायद्यानं जागा दिली, पण पिशव्या आणि पोर घेऊन चढायची अडचण राहिलीच. म्हणून गटानं जाताना दोघी-दोघींची जोडी करा. एकीनं मुलं धरायची, एकीनं माल. पुढच्या बैठकीत हे कलम मोठ्यानं वाचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलींनाही सांगा.