सह्याद्रीचा साग आणि उतारावरचे रान

मुहर्रक बेटावर मोत्यांचा व्यापार भरात होता, त्या काळी बहरीनची गलबते बहुतांशी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या सागवानाची असत. अरबी भाषेत सागाला 'साज' म्हणतात. लाकडाबरोबर त्याचे नावही समुद्र ओलांडून आले असावे. ज्या डोंगरांनी हे लाकूड पुरविले, त्या डोंगरांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

मराठी राज्यकर्त्यांना या प्रश्नाची जाण होती. सुमारे १७१५ सालच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी साग तोडण्यास परवानगीचे बंधन आहे. रयतेच्या आंबा-फणसाला तर हातच लावू नये, असे बजाविले आहे. कारण ती झाडे वाढण्यास फार काळ लागतो आणि रयतेचे दुःख अखेर राज्यालाच भोवते.

१७३६ पासून मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजे बांधली. तोड वाढत गेली, तेव्हा १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. तिच्या रुळांखालीही लाकूडच लागे.

तोडलेले रान पुन्हा उगवते काय? सपाटीवर सहज उगवते. उताराची गोष्ट निराळी आहे. बहरीनमध्ये वर्षाकाठी जेमतेम ७०-८० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. त्या माऱ्यात माती धरून ठेवतात ती मुळेच. साग, ऐन, किंजळ हे वृक्ष तोडले तरी खुंटातून धुमारे फुटतात आणि मुळे जिवंत राहतात. कारवीची दाट जाळी उघडा उतार झाकते. जवळ देवराई असेल, तर धनेशासारखे पक्षी तेथील बी दूरवर नेऊन टाकतात.

परंतु तेच खुंट थोड्याथोड्या वर्षांनी पुनःपुन्हा छाटले, वणव्याने जाळले अथवा उपटून काढले, तर मुळे कुजतात. मग माती वाहून खाडीत जाते, उघडा कातळ उरतो आणि पायथ्याच्या वस्तीवर दरडीचे भय येते. गेलेली माती पुन्हा साठण्यास शतके लागतात. वरवर हिरवी दिसणारी एकजात सागाची लागवडही जुन्या रानाची जागा घेऊ शकत नाही.

सह्याद्री उदार आहे; त्याने कित्येकदा क्षमा केली. मात्र ती क्षमा मुळे शाबूत असेपर्यंतच आहे, एवढे ध्यानात ठेवणे पुढील पिढ्यांच्या हिताचे होय.