जाल्लो चित्रपट आणि त्यांचे विडंबन : एक ऐतिहासिक विचार

कलाप्रकारांच्या इतिहासात विडंबनाचे स्थान सामान्यतः शेवटी दाखविले जाते. प्रकार जन्माला येतो, बहरतो, साचेबंद होतो आणि मग त्याची थट्टा सुरू होते, असा हा क्रम आहे. इटलीतील 'जाल्लो' या रहस्यपटांच्या बाबतीत हा क्रम लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांची थट्टा करणारे भय-विनोदी चित्रपट इतिहासाचे साधन म्हणूनही उपयुक्त आहेत. त्यांचा विचार या निबंधात केला आहे.

'जाल्लो' या इटालियन शब्दाचा अर्थ पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या मुखपृष्ठाची रहस्यकथामाला सुरू केली आणि रंगाचे नाव पुढे प्रकाराला मिळाले. पडद्यावर या प्रकाराचा आरंभ बहुतेक अभ्यासक मारिओ बाव्हा यांच्या १९६३ मधील 'ला रगात्सा के सापेव्हा त्रोप्पो' म्हणजे 'फार जाणणारी मुलगी' या चित्रपटापासून मानतात. हिचकॉक यांच्या एका प्रसिद्ध चित्रपटाचे नाव येथे उघडपणे उलटविले आहे. नायिका नोरा अमेरिकेहून रोमला येते ती विमानात रहस्यकथा वाचतच. पुढे खुन्याला पकडण्यासाठी ती कादंबरीत वाचलेली युक्ती करते. घरभर दोरे बांधते, जमिनीवर पावडर टाकते. त्यात अडकतो मात्र तिच्यावर प्रेम करणारा डॉक्टर. अखेरीस तर तिने ओढलेली सिगारेट गांजाची होती हे तिच्या लक्षात येते आणि घडले ते सारे खरे की भास, अशी शंका प्रेक्षकाच्या हाती ठेवून चित्रपट संपतो. ज्याला आपण पहिला जाल्लो म्हणतो तोच असा रहस्यकथेच्या वाचकांची फिरकी घेणारा आहे.

गंभीर साचा यानंतर घडला. बाव्हा यांनीच १९६४ मध्ये 'सेई दोन्ने पेर लासास्सिनो'मध्ये फॅशनगृहातील तरुणींचा माग काढणारा, चेहरा झाकलेला खुनी दाखविला. दारिओ अर्जेंतो यांच्या १९७० मधील 'स्फटिकपंखी पक्षी' या चित्रपटाने त्यात अशा साक्षीदाराची भर घातली की ज्याने खून पाहिला आहे, परंतु नेमके काय पाहिले ते त्याला उमगत नाही. यशामागोमाग अनुकरण आले. १९७१-७२ च्या सुमारास सरडा, काळा कोळी, बदक अशी प्राण्यांची नावे शीर्षकांतून दिसू लागली. नामकरणाची ही साथच पुढील विडंबनाची अर्धी तयारी होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या संदर्भात पुपी अवाती यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९७६ मध्ये त्यांनी 'हसऱ्या खिडक्यांचे घर' हा चित्रपट केला. खेड्यातील चर्चमधील भित्तिचित्र दुरुस्त करण्यासाठी आलेल्या तरुणाची ती कथा. या प्रकारातील अत्यंत अस्वस्थ करणाऱ्या कृतींत तिची गणना होते. लगेच पुढील वर्षी, १९७७ मध्ये, त्याच अवातींनी 'तुत्ती देफुन्ती... त्रान्ने इ मोर्ती' काढला. शीर्षकाचा अर्थच मुळी 'सगळे दिवंगत, मेलेले तेवढे सोडून' असा होतो. जुन्या वाड्यात एकामागून एक मृत्यू होतात, त्यामागे गुप्तधनाचा लोभ असतो आणि हे सर्व हास्याच्या अंगाने मांडलेले आहे. जियान्नी काव्हिना हे दोन्ही चित्रपटांत अभिनेते व सहलेखकही होते. म्हणजे भय आणि त्याची टर यांत एका वर्षाचेच अंतर होते आणि माणसेही बव्हंशी तीच होती. याला ऱ्हासाची खूण कसे म्हणावे?

दीर्घ कालावधीनंतरचे उदाहरण इटलीबाहेरचे आहे. कॅनडातील विनिपेग येथील 'ॲस्ट्रॉन-६' या गटाचा, ॲडम ब्रूक्स व मॅथ्यू केनेडी दिग्दर्शित 'द एडिटर' हा चित्रपट २०१४ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखविण्यात आला. सत्तरच्या दशकातील इटालियन स्टुडिओ, तेथील संकलक रे चिझो, अपघातात तुटलेल्या बोटांच्या जागी त्याला बसविलेली लाकडी बोटे आणि नेमकी तीच बोटे कापलेली नटांची प्रेते, असे कथानक आहे. अर्जेंतोंच्या 'सुस्पिरिया'त (१९७७) काम केलेले उडो कीर येथेही दिसतात.

या चित्रपटातील सर्वांत मोठा विनोद ध्वनीचा आहे. पात्रांचे ओठ आणि शब्द मुद्दाम जुळू दिलेले नाहीत. त्यामागे खरी उत्पादनपद्धती आहे. त्या काळी इटलीत चित्रीकरण बहुधा थेट ध्वनीशिवाय होई. वेगवेगळ्या देशांतील नट आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर स्टुडिओत सर्वांना नवा आवाज मिळे. विदेशी बाजारपेठेसाठी ते सोयीचे होते. दिग्दर्शककेंद्री इतिहासात आवाज देणारे कलावंत आणि संकलक क्वचितच आढळतात. विडंबनकाराने मात्र संकलकालाच नायक केले.

तथापि असा विनोद कळण्यासाठी मूळ ठाऊक असावे लागते. 'झेंडूची फुले' वर्गात शिकविताना आधी मूळ कविता वाचून दाखवावी लागते, हा आपल्या मराठीच्या प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखकाने 'द एडिटर'मधील एक प्रसंग पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दाखविला तेव्हा ओठांच्या विसंगतीवर कोणीही हसले नाही. दूरदर्शनसंचावर हिंदीत भाषांतरित दाक्षिणात्य चित्रपट पाहत वाढलेल्या मुलांना त्यात काही वावगे वाटले नव्हते.

आणखी एक मुद्दा टाळता येणार नाही. जाल्लोमध्ये स्त्रीचा मृत्यू सजवून दाखविला जातो. 'प्रोफोंदो रोस्सो'मध्ये (१९७५) हातमोजे घातलेल्या खुन्याचे हात स्वतः अर्जेंतो यांचे होते, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तिच्याकडे अधिक साशंकतेने पाहावयास हवे. 'द एडिटर'मधील पोलीस निरीक्षक बायकांना सर्रास थोबाडीत मारतो आणि या पुरुषी मस्तीची खिल्ली उडविणे हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. परंतु खून होताना कॅमेरा पुन्हा स्त्रीच्याच उघड्या देहावर रेंगाळतो. बाव्हांच्या नोराला निदान स्वतः दोरे बांधण्याइतकी बुद्धी आणि खोड्या करण्याची मुभा होती. अर्धशतकानंतरच्या विडंबनातील स्त्रीपात्रांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.