परत आलेली खेप : कोळंबी-निर्यातीच्या अभ्यासाची प्रस्तावना

भारतातून समुद्री माल किती जातो हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. कोचीचे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, ज्याला व्यापारात सगळे एमपीडा म्हणतात, दरवर्षी आकडे जाहीर करते. २०२४-२५ मध्ये जवळजवळ १६.९८ लाख टन माल गेला आणि त्याचे ६२,४०८ कोटी रुपये, म्हणजे ७.४५ अब्ज डॉलर आले. त्यात गोठवलेली कोळंबी वजनाने निम्म्याहून कमी होती, पण पैशाने सत्तर टक्क्यांच्या आसपास. गिऱ्हाइकांत पहिली अमेरिका, २.७१ अब्ज डॉलरची. विद्यार्थी इथून सुरुवात करतात, वाढीचा आलेख काढतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना माझे सांगणे थोडे उलटे आहे. काय गेले ते नंतर पाहा, काय नाकारले गेले ते आधी पाहा.

माल सुखरूप पोहोचला की त्याच्याविषयी कागद फारसे बोलत नाहीत. अडकला की सगळेच बोलू लागतात : तलाववाला, दलाल, कारखाना, प्रयोगशाळा, बंदरावरचा अधिकारी आणि शेवटी दोन्ही देशांचे वकील. नियम कुठून आला, तो कोणी पाळला आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला, हे अशाच वेळी उघडे पडते. गेल्या सत्तर वर्षांत भारतीय कोळंबीच्या व्यापाराने घेतलेली बहुतेक मोठी वळणे कोणत्या ना कोणत्या नकारातून आली, असे माझे मत आहे. पुढची मांडणी त्या मताच्या बाजूने झुकलेली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

सुदैवाने नकारांचे दप्तर खुले आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, सीमेवर नाकारलेल्या मालाच्या याद्या नियमित प्रसिद्ध करते. पाठवणाऱ्याचे नाव, देश, माल, तारीख आणि कारण : साल्मोनेला, बंदी असलेले पशुऔषध किंवा नुसतेच ‘घाण’. युरोपीय संघाची रॅस्फ ही इशाऱ्यांची यंत्रणाही कोणालाही पाहता येते. पण या याद्या वाचताना सावध राहायला हवे. एफडीए आलेल्या मालाचा अगदी थोडा भाग प्रत्यक्ष उघडून पाहते. उलट युरोपने २०१६ पासून भारतातल्या तलावाच्या मालाची दर दोन खेपांमागे एक तपासायची असे ठरवले. त्याआधी हे प्रमाण दहांत एक होते. तेव्हा युरोपात जास्त खेपा पकडल्या गेल्या म्हणून युरोपला वाईट माल गेला, असे म्हणता येत नाही. शोधले तिथे सापडले, इतकेच. या क्षेत्रातले कितीतरी देखणे तक्ते एवढ्या एका मुद्द्यावर कोसळतात.

या व्यापाराची सुरुवात आपल्या कोकणात झाली नाही, केरळात झाली. पूर्वी बाहेर जाई ती मुख्यतः सुकी कोळंबी, ब्रह्मदेश आणि सिलोनकडे. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळ नींडकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांचे जीवनमान आणि गावाचे आरोग्य सुधारावे, हा त्याचा हेतू. १९५३ मध्ये कोचीनहून गोठवलेल्या कोळंबीची पहिली खेप अमेरिकेला गेली, आणि पुढच्या दशकात प्रकल्पाचा हेतू एकीकडे व बाजाराची ओढ दुसरीकडे अशी स्थिती झाली. कोळंबी तळाशी राहते, म्हणून यांत्रिक होड्या तळ खरवडणारी ट्रॉल जाळी ओढू लागल्या. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये असताना अर्थशास्त्रज्ञ जॉन कुरियन यांनी या स्थित्यंतरावर केलेले लेखन या क्षेत्रात येणाऱ्याने सर्वांत आधी वाचावे. ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले तसे केरळातले पारंपरिक मच्छीमार आणि गोव्यातले रापणकार रस्त्यावर उतरले. १९८० मध्ये केरळ आणि गोव्यात, १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. त्या कायद्यांचे एक मूळ अमेरिकेतल्या श्रिम्प कॉकटेलच्या पेल्यापर्यंत जाते, हे ते कायदे चालवणाऱ्यांनाही क्वचितच सुचते.

ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय समुद्री मालावर बंदी घातली. कारण कारखान्यांतली अस्वच्छता. वर्षअखेरीस मान्यता मिळालेल्या कारखान्यांना दार उघडले. त्याच डिसेंबरमध्ये, १८ तारखेला, अमेरिकेत समुद्री अन्नासाठी हॅसॅप पद्धत सक्तीची झाली. या पद्धतीचा उगम मोठा गमतीचा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांचे जेवण निर्धोक राहावे म्हणून पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी सैन्याची नॅटिक प्रयोगशाळा यांनी ती घडवली. तयार डबा उघडून तपासण्यापेक्षा धोका जिथून शिरू शकतो ती जागा शोधायची आणि तिथेच पहारा बसवायचा, ही तिच्यामागची कल्पना. अवकाशयानासाठी केलेला विचार तीस-पस्तीस वर्षांनी आपल्या किनाऱ्यावरच्या सोलणीच्या शेडमध्ये आला.

इथे थोडे थांबावेसे वाटते. कोळंबी सोलणे हे किनाऱ्यावरच्या बायकांचे काम. ओसरीत किंवा बंदराजवळच्या शेडमध्ये बसून, वजनावर मजुरी. नव्या नियमांनी टाइल्सच्या भिंती, स्टीलची टेबले, क्लोरिनचे पाणी, टोप्या, हातमोजे आणि कारखान्याच्या ताब्यातली पूर्वप्रक्रिया केंद्रे आणली. सुट्या शेडना हा खर्च झेपणारा नव्हता. स्वच्छता वाढली यात वाद नाही, आणि ती वाढायलाच हवी होती. पण ओसरीतली बाई या व्यवस्थेतून बाहेर पडली आणि तिच्या जागी कारखान्याच्या वसतिगृहात राहणारी परगावची मुलगी आली. हा बदल निर्यातीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेसने आंध्रातल्या कोळंबी उद्योगातील मजुरांच्या स्थितीवर वार्तांकन केले, तेव्हा अमेरिकी दुकानदारांना हा प्रश्न नव्याने कळला. निर्यात-अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तो आधीच माहीत असायला हवा होता, असे मी म्हणेन.

कासवांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे. समुद्री कासवे ट्रॉलच्या जाळ्यात अडकून गुदमरतात. १९८९ च्या अमेरिकी कायद्यातल्या कलम ६०९ नुसार, कासवांना बाहेर पडता येईल अशी तिरपी जाळी आणि झडप, म्हणजे टेड, न वापरणाऱ्या देशांची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत येऊ शकत नाही. १९९६ मध्ये हा नियम सगळ्या देशांना लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपिलीय मंडळाने दिलेला निर्णय विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. कासवे वाचवण्याचा हेतू मंडळाने वैध मानला, मात्र अंमलबजावणी भेदभावाची ठरवली. कॅरिबियन देशांना तयारीला तीन वर्षे आणि आशियाई देशांना चारच महिने, हा त्यातला एक आधार. भारत जिंकला असे तेव्हा आपल्याकडे बोलले गेले. प्रत्यक्षात नियम टिकला. मे २०१९ पासून भारतातल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचे दार बंद झाले. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने स्वतःचे टेड कधीच बनवले होते. ते नाखव्यांनी का बसवले नाही, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या पलीकडे जातो. झडपेतून कासवाबरोबर थोडा मालही निसटतो आणि डिझेलचा भाव थांबत नाही. आपल्याकडे याची एक विलक्षण बाजू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला पर्यटक येऊ लागले. त्याच समुद्रात ट्रॉलर चालतात. या दोन गोष्टी एकत्र अभ्यासणारा प्रबंध कोणी लिहायला घेतला तर मला फार आनंद होईल.

समुद्राचे दार बंद झाल्याचा फटका एकूण निर्यातीला फारसा जाणवला नाही, कारण अमेरिकेला जाणारी कोळंबी तोवर तलावातून येत होती. तलावांची कथाही धक्क्यांचीच. १९९० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर काळ्या टायगर कोळंबीचे तलाव वाढले. १९९४ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने ते ओस पाडले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारी पट्ट्यातल्या तलावांवर कडक निर्बंध घातले. २००५ मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा आला आणि २००९ मध्ये प्रशांत महासागरातल्या व्हनामी कोळंबीला परवानगी मिळाली. तिची रोगमुक्त जनक जोडपी हवाई आणि फ्लोरिडाहून येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून जातात आणि त्यांची प्रजा आंध्रातल्या तलावात वाढून पुन्हा अमेरिकेला जाते. दाट तलावात रोगाची भीती, भीतीपोटी औषध, आणि औषधापायी नकार. २००३ मध्ये युरोपने क्लोरॅम्फेनिकॉलसाठी अब्जात ०.३ भाग आणि नायट्रोफ्युरानच्या अवशेषांसाठी अब्जात १ भाग ही तपासणीची किमान क्षमता ठरवली. २०२२ मध्ये हे आकडे निम्मे झाले. तलावावर काहीही न बदलता, केवळ प्रयोगशाळेतले यंत्र जास्त तीक्ष्ण झाले म्हणूनही खेप परत येऊ शकते.

आकड्यांच्या दोन भाषांकडेही लक्ष वेधतो. तलावावर ‘५० काउंट’ म्हणजे डोक्यासकट एका किलोत ५० नग, म्हणजे एक नग २० ग्रॅमचा. निर्यातीच्या खोक्यावर छापलेला काउंट डोके काढलेल्या मालाचा आणि तोही पौंडाचा. डोक्याला साधारण ३५ टक्के वजन गेले तर नग १३ ग्रॅमचा उरतो, आणि तोच माल ३१/३५ च्या खोक्यात जातो. हे रूपांतर न करता शेतकऱ्याचा भाव आणि न्यूयॉर्कचा भाव शेजारी ठेवणारे निबंध मी पाहिले आहेत. शिवाय खोक्यातल्या वजनात बर्फाचा थर किती, हेही विचारायचे असते.

सगळ्यांत कमी वाचले जाणारे आणि माझ्या मते सगळ्यांत रंजक दप्तर अँटी-डम्पिंगचे आहे. ३१ डिसेंबर २००३ ला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळंबी व्यवसायाने भारतासह सहा देशांविरुद्ध अर्ज केला. फेब्रुवारी २००५ मध्ये शुल्काचा आदेश निघाला. ज्यांची स्वतंत्र चौकशी झाली नाही अशा भारतीय निर्यातदारांना १०.१७ टक्के. ‘आपल्या घरच्या भावापेक्षा स्वस्त विकता’ हा आरोप, पण गोठवलेली कोळंबी भारतात विकली जाते कुठे? मग तुलनेला तिसऱ्या देशातला भाव घ्यावा लागतो. अमेरिकेची पद्धत मागाहून हिशेब करणारी : आयातदार आधी अंदाजे रक्कम भरतो आणि खरा दर वार्षिक फेरतपासणीनंतर ठरतो. कोळंबी खाऊन संपते, तिचा कर नंतर कळतो. सीमाशुल्क खात्याने आयातदारांकडून वाढीव हमीरोखेही मागितले. त्याविरुद्ध भारताची तक्रार जागतिक व्यापार संघटनेत २००८ मध्ये मान्य झाली. शुल्क मात्र राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये अनुदानविरोधी शुल्काची भर पडली. दरवर्षीच्या या फेरतपासण्यांत कारखान्यांच्या खर्चाचा जो तपशील येतो तो भारतातल्या कुठल्याही सरकारी अहवालात नाही. जाहीर प्रतीत गुप्त आकडे झाकलेले असतात, तरीही जे उरते ते वाचण्यासारखे असते.

महाराष्ट्राचा वाटा या कथेत वेगळा आहे. आपल्याला अमेरिकेपेक्षा इतर बाजार जवळचे : वाकटी चीनला, माकुल स्पेन-इटलीला, राणी माशाची सुरिमी जपान आणि आग्नेय आशियाला. सुरिमीच्या धंद्यात रत्नागिरीचे नाव देशात पहिले घेतले जाते. गावात पूर्वी ज्या राणी माशाला कोणी विचारत नसे, त्याचा धुतलेला लगदा कुठल्यातरी खेकड्याच्या कांडीत संपतो. मराठीत मासळीवर भरपूर लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक ताटातल्या मासळीवर. मिरकरवाड्याचा, ससून डॉकचा किंवा तळोज्याच्या शीतगृहांचा व्यापारी इतिहास तिथल्या हिशेबवह्यांत आणि माणसांच्या बोलण्यात आहे. तो उतरवायला कोळीवाड्यातली भाषा येणारा अभ्यासक हवा. तुम्ही तशा घरातले असाल तर पदवीची वाट पाहू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी २५ असे एकूण ५० टक्के जादा शुल्क लावले. अँटी-डम्पिंग आणि अनुदानविरोधी शुल्क त्याहून वेगळे. प्रतिस्पर्धी इक्वेडोरवर हे जादा शुल्क बरेच कमी होते. सोललेल्या, हाताचे काम जास्त असलेल्या मालात भारताची सरशी आणि अख्ख्या मालात इक्वेडोरची, अशी जी वाटणी झाली होती ती या धक्क्यात किती टिकली? बोजा आयातदाराने उचलला, कारखान्याने, की आंध्रातल्या भीमवरमच्या तलाववाल्याने पुढच्या हंगामात बीज कमी सोडून? तलावावरचे रोजचे भाव, बीज उबवणी केंद्रांच्या विक्रीच्या नोंदी आणि न्हावा शेवा, विशाखापट्टणम बंदरांतून गेलेल्या रीफर म्हणजे शीत कंटेनरांची संख्या, या तिन्हींचे मासिक आकडे शेजारी शेजारी मांडले तर उत्तराचा बराचसा भाग हाती येईल. कामाला लागायचे असेल तर ऑगस्ट २०२५ च्या आधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने एवढा कालखंड पुरे.