पाटी कोणासाठी? उल्हासनगरची सिंधी आणि तिच्या लिप्या

चिखलोलीहून कल्याणकडे निघालो की आधी अंबरनाथ लागते, मग उल्हासनगर. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे, शिलाहारांच्या काळातला. भाषा संस्कृत. त्या वेळचा इथला शेतकरी तो वाचत असेल असे आम्हाला वाटत नाही. पण ही जागा कोणाच्या आश्रयाने उभी आहे, हे त्याला नुसत्या अक्षरांवरून कळत असणार. पाटीचे निम्मे काम एवढेच असते.

आता पुढचे स्टेशन घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या नगराची पायाभरणी केली, आणि नदीवरून त्याचे नाव पडले उल्हासनगर. पत्ते मात्र अजून 'कॅम्प नंबर तीन' असेच सांगतात. बाजारात कानावर सिंधी पडते. डोळ्यांना दिसते ती मराठी, हिंदी, इंग्रजी. सिंधी अक्षर शोधावे लागते. दुकाने त्यांची, गिऱ्हाईकही बरेचसे त्यांचेच, मग असे का?

बाहेरून आलेले लोक दबून राहिले, हे उत्तर नेहमी दिले जाते. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. कोणत्या अक्षरात लिहायचे, हाच प्रश्न या भाषेत सुटलेला नव्हता.

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ही गोष्ट आपल्याही घरची आहे. १८५३मध्ये बार्टल फ्रिअर सिंधचे कमिशनर असताना बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी सरकारमान्य झाली. हिंदू व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र खुदाबादी लिपीत चालत. ती लिपी नीट बसवण्याचे काम १८६८मध्ये सरकारने कोणाकडे दिले? नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याकडे! कराचीत त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. पण कचेरी आणि शाळा अरबी लिपीतच राहिल्या, खुदाबादी वहीतच मिटली.

भारतात आल्यावर १९५०मध्ये केंद्र सरकारने सिंधीच्या शिक्षणासाठी देवनागरी ठरवली. वडीलधाऱ्यांचा विरोध झाला, नि १९५१मध्ये दोन्ही लिप्यांना मुभा मिळाली. १९६७मध्ये भाषा आठव्या अनुसूचीत आली. मान मिळाला, पण अक्षर एक झाले नाही. म्हणजे घरात काय झाले बघा: आजोबा अरबी लिपीत वाचणार, नातवाला ती येत नाही. देवनागरीत सिंधी नीट लिहायची तर ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन चार वेगळी अक्षरे करावी लागतात. पाट्या रंगवणारा पेंटर म्हणणार, शेठ, ही रेघ कशाला?

आपण मराठी माणसांनी याला हसू नये. मोडीतले आपल्याच पणजोबांचे खरेदीखत वाचायला आपल्याला जाणकार शोधावा लागतो.

जरा लांबचे उदाहरण देतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्टॉर्म लेकसारख्या छोट्या गावांत मांसाच्या कारखान्यांत कामाला लॅटिन अमेरिकेतून माणसे आली, आणि दुकानांवर स्पॅनिश पाट्या दिसू लागल्या. त्या राज्याने २००२मध्ये इंग्रजीला राजभाषा ठरवले, पण तो कायदा सरकारी कारभारापुरता. खासगी दुकानाने काय लिहावे, यात तो पडत नाही. शिवाय स्पॅनिशला रोमन अक्षरे आयतीच मिळाली. तिथल्या पेंटरला एखाद-दुसरे चिन्ह जास्तीचे काढायचे, बस्स.

आपल्याकडे कायदा दुकानापर्यंत येतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसरी भाषा चालेल, पण मराठी अक्षर तिच्यापेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीसाठी हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. दुसरी भाषा चालेल, या सवलतीत सिंधीलाही जागा आहे. पण त्या जागेवर बहुतेक इंग्रजी बसते, कारण गिऱ्हाईक ती वाचते.

आणि तरी 'दाल पकवान', 'कोकी', 'झूलेलाल' ही नावे देवनागरीत ठळक दिसतातच. तपासायला आलेला निरीक्षक ती मराठी म्हणून वाचतो आणि पुढे जातो. आतल्या म्हाताऱ्या शेठजींना विचारा, ते सिंधी म्हणून वाचतात.