चांदीची धाव

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं. सातवीत असताना स्नेहसंमेलनासाठी मी ते पाठ केलं आणि आधी आबांना म्हणून दाखवलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हा त्या अमेरिकेच्या लढाईचा राजा काय?"

"राजा नाही आबा, अध्यक्ष."

"असंन. त्याच्यापायी आपल्या बंडीले चांदीची धाव लागली होती, पोरा."

गोष्ट आबांच्या आजीची. तिच्या लहानपणी वऱ्हाडात कापसाला असा काही भाव आला, की तिच्या बापानं बंडीच्या चाकांवर लोखंडाऐवजी चांदी चढवली. चांदी मऊ, पांदणीतल्या दगडगोट्यांत टिकणार किती दिवस? आबा म्हणत, "भाव टिकला तितके."

पुढे वाचायला लागलो, तेव्हा त्या लढाईला तारखा मिळाल्या. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टर किल्ल्यावर बंडखोर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. लिंकनला शपथ घेऊन सहा आठवडेही झाले नव्हते. आठवडाभरातच त्यानं दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः तिथल्याच कापसावर चालत. त्या थंडावल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना खानदेश-वऱ्हाड दिसू लागला. मुंबईत तर पैसा इतका झाला, की समुद्र बुजवायला निघालेल्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले.

तिकडे लँकेशायरचे कामगार उपाशी होते. तरीही डिसेंबर १८६२ मध्ये मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं आणि जानेवारीत त्यानं त्यांना उत्तर दिलं. आमची चांदी आणि त्यांची उपासमार एकाच हुकमातून निघाली होती, हे आबांच्या गोष्टीत कधी आलं नाही. श्रीमंतीच्या गोष्टींत ते येत नसतंच.

आणि ते चौकटीतलं पत्र? लिंकनच्या कागदपत्रांत ते कुठेही सापडत नाही. केंटकीतल्या लाकडी खोपटात १८०९ साली जन्मलेला, नवव्या वर्षी आई गमावलेला हा माणूस शाळेत गेला तो सगळा मिळून जेमतेम वर्षभर. वकिली शिकला, तीही पुस्तकं मागून आणून. लढाई चालू असतानाच त्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली व्हाइट हाउसमध्ये तापानं गेला. धाकटा टॅड पुस्तकाला हात लावत नसे. बाप म्हणे, हुंदडू द्या त्याला. असा बाप हेडमास्तरांना एवढा लांबलचक उपदेश लिहील, हे मला नंतर पटेना.

खरा लिंकन दबकत, हिशेबानं पुढे सरकणारा होता. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यानं त्यानं बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त केले. आपल्या बाजूला राहिलेल्या चार गुलामधारी राज्यांना मात्र हात लावला नाही. ती फुटली तर लढाईच हातची जाईल, ही भीती होती. मग १८६५ च्या जानेवारीत, एकेक मत गोळा करून, त्यानं गुलामगिरी सगळीकडे संपवणारी घटनादुरुस्ती काँग्रेसमधून मंजूर करवून घेतली. मला हा लिंकन चौकटीतल्यापेक्षा मोठा वाटतो.

९ एप्रिलला बंडखोरांचा सेनापती जनरल ली शरण आला. १४ तारखेच्या रात्री नाटक बघत असताना लिंकनला गोळी लागली, सकाळी तो गेला. त्याच वर्षी मुंबईचे शेअर कोसळले. आमच्याकडे एवढंच सांगत, "लढाई सरली, भाव पडला, धाव सोनाराकडे गेली." ज्याच्यामुळे हे घडलं त्याचं नाव आबांच्या आजीला ठाऊक नव्हतं.

पुण्यात एका माणसानं मात्र त्या लढाईचा दुसरा अर्थ घेतला होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना सोडवताना तो कित्ता गिरवावा म्हणून. ही अर्पणपत्रिका अस्सल आहे. आमच्या व्हरांड्यात ती कधी लागली नाही.